बिअरचा बाप्तिस्मा आणि मंगळावरचा पाहुणा

१२४१ सालच्या जुलै महिन्यात पोप नववे ग्रेगरी यांनी नॉर्वेतल्या निदारोसच्या आर्चबिशपना एक छोटं पत्र पाठवलं. निदारोस म्हणजे आजचं ट्रॉन्डहाइम. तिकडून खबर आली होती की पाण्याची अडचण असली की काही वेळा तान्ह्या बाळांना बिअरने बाप्तिस्मा दिला जातो. असा बाप्तिस्मा धरायचा की नाही? पोपनी कळवलं, नाही धरायचा. बायबलमध्ये पाण्याने नवा जन्म घ्यायला सांगितलंय, आणि बिअर म्हणजे पाणी नव्हे.

मला हे पत्र फार आवडतं. वरवर पाहिलं तर हा शुद्ध कारकुनी खाक्या. बाळ तेच, आईबापांचा भाव तोच. मग भांड्यात काय आहे याने देवाला काय फरक पडतो? पण कॅथलिक डोकं कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर आत शिरायला याच्याइतकं चांगलं दार नाही. देव मनात असला की झालं, एवढ्यावर हा धर्म थांबत नाही. देव माणसापर्यंत पोचतो तो वस्तूंमधून, असं तो मानतो: पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, डोक्यावर ठेवलेला हात. म्हणून प्रत्येक संस्काराला तीन गोष्टी लागतात: ठरलेलं द्रव्य, ठरलेले शब्द आणि करणाऱ्याचा योग्य हेतू. बिअरमध्ये पहिलीच गोष्ट हुकली.

आता एखादी परंपरा वस्तू आणि नियम इतक्या गांभीर्याने घेत असेल, तर तिला विचित्र प्रश्न पडणारच. जिथे पाणी नाही तिथे काय? जिथे गहू उगवत नाही तिथे काय? जिथे रविवारच नाही तिथे? विज्ञानकथा लिहिणारे दुसरं काय करतात? एक नियम तसाच ठेवायचा, भोवतालचं जग बदलायचं आणि काय होतं ते बघायचं. निदारोसचा प्रश्न त्या अर्थाने विज्ञानकथेतलाच होता.

आणखी एक किल्ली आपल्या भाषेतच आहे. मराठीत आपण रहस्यकथा आणि गूढकथा वेगळ्या ठेवतो. रहस्यकथेत शेवटच्या पानावर खुनी सापडतो आणि आपण निवांत झोपतो. गूढकथेत शेवटचं पान उलटलं की झोप उडते. युरोपातल्या अनेक भाषांत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, ग्रीक ‘मिस्टेरियॉन’वरून आलेला, आणि चर्चही आपल्या श्रद्धेतल्या सर्वात खोल गोष्टींसाठी तोच वापरतं. त्यामुळे बाहेरच्यांची समजूत होते की या लोकांना काही कळेनासं झालं की ते ‘मिस्टरी’ म्हणून मोकळे होतात. मराठीतले दोन शब्द वापरले की हा घोळ सुटतो. रहस्याला उत्तर असतं, फक्त ते अजून आपल्याला सापडलेलं नसतं. गूढ मात्र कितीही कळलं तरी उरतं, जसं अनेक वर्षं सोबत राहिलेलं माणूस उरतं. आणि कॅथलिक विचाराचा, निदान त्याच्या उत्तम रूपातला, आग्रह असा की रहस्याला गूढ म्हणून सोडून द्यायचं नाही. जे शोधून काढता येतं तिथे देवाचं नाव घेऊन हात वर करायचे नाहीत. हा नियम चर्चने स्वतः मोडलाही आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे.

कुत्र्याच्या तोंडाची माणसं

परग्रहावर कोणी भेटलं तर कॅथलिक चर्चची पंचाईत होईल, असं सरसकट मानलं जातं. खरं म्हणजे हा प्रश्न त्यांच्या टेबलावर दीड हजार वर्षांपासून आहे. फक्त त्यात यान नव्हतं.

जुन्या रोमन ग्रंथांत दूरदेशच्या अजब लोकांची वर्णनं असायची. कोणाला एकच डोळा, कोणाचं तोंड छातीत, कोणाला कुत्र्याचं डोकं. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी याचा नीट विचार केला. एक तर या गोष्टी खोट्या असतील, नाहीतर ते प्राणी माणसं नसतील. पण ती जर माणसं असतील, म्हणजे विचार करणारी आणि मरण असलेली, तर रंग, रूप, आवाज कसाही असो, ती आदामाचीच लेकरं. नवव्या शतकात उत्तरेकडे गेलेल्या एका धर्मप्रचारकाने रात्राम्नुस नावाच्या मठवासी विद्वानाला याबद्दल विचारलं. रात्राम्नुसचं उत्तर असं की हे कुत्रमुखे गावं करून राहतात म्हणतात, शेती करतात, अंग झाकतात, जनावरं पाळतात. म्हणजे त्यांना कायदा कळतो आणि लाजही कळते. तेव्हा त्यांना माणूस धरा. थोडक्यात, तोंडाकडे बघू नका, वागणुकीकडे बघा.

कुत्रमुखे अर्थातच कोणाला सापडले नाहीत. पण पंधराव्या शतकाच्या शेवटी अटलांटिक ओलांडल्यावर खरीखुरी माणसं सापडली, ज्यांचा बायबलमध्ये कुठेच पत्ता नव्हता. या वेळी मात्र मध्ये सोनं होतं, जमीन होती. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ मध्येच पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचं दास करायची मुभा देऊन ठेवली होती. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केलं की अमेरिकेतले मूळ रहिवासी पूर्णार्थाने माणसं आहेत आणि ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. ते कागदावर राहिलं. जमिनीवर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या फर्मानांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ‘ज्याने शोधली त्याची भूमी’ या सिद्धान्तापासून व्हॅटिकनने उघडपणे फारकत घेतली ती थेट २०२३ मध्ये. म्हणून ‘परग्रहवासीयांना आत्मा असतो का’ असं कोणी गमतीने विचारलं की मला हसू येत नाही. तो प्रश्न माणसांबद्दल एकदा विचारून झालाय.

बरं, मुळात दुसरी जगं असू शकतात का? अ‍ॅरिस्टॉटलच्या मते नाही, विश्व एकच. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिथल्या बिशपना हे खटकलं आणि १२७७ मध्ये त्यांनी २१९ विधानांवर बंदी घातली. ‘देव एकापेक्षा अधिक विश्वं निर्माण करू शकत नाही’ हे त्यातलंच एक. म्हणजे बंदीहुकूम निघाला आणि कल्पनाशक्तीचं कुंपण उलट तुटलं! देवाला आपण मर्यादा कशी घालणार, एवढाच बिशपांचा मुद्दा होता, पण त्या आडून विद्वानांना दुसऱ्या विश्वांचा विचार करायची सोय झाली. १४४० मध्ये क्यूजाच्या निकोलसने इतर ताऱ्यांवरही वस्ती असावी असं लिहिलं, आणि पुढे तो कार्डिनल झाला. १६०० मध्ये जोर्दानो ब्रूनोला रोममध्ये जिवंत जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत ख्रिस्ताचं देवत्व नाकारल्यापासून बरंच काही होतं, आणि अनेक जगांची कल्पनाही होती. एकाच कल्पनेला एकदा मानाचं पद आणि एकदा चिता.

खरा तिढा वेगळाच आहे. ख्रिस्ती कथा एका रेषेत चालते: आदामाचं पाप, ते त्याच्या वंशाकडे येणं, आणि ते धुवायला देवाचं माणूस होणं. मग जे आदामाच्या वंशातले नाहीत त्यांचं काय? एक उत्तर असं की त्यांच्या हातून पाप घडलंच नसेल, त्यांना कोणी वाचवायची गरजच नाही. दुसरं असं की पृथ्वीवर जे एकदा घडलं ते साऱ्या विश्वाला पुरतं. तिसरं सगळ्यात धाडसी: देव तिथे त्यांच्या रूपात गेला असेल. याची वाट संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मोकळी करून ठेवली होती. परग्रह त्यांच्या मनातही नव्हते. येशूखेरीज दुसरा मानवी देह देवाला धारण करता येईल का, एवढंच ते विचारत होते, आणि त्यांचं उत्तर होतं की येईल, कारण देवाचं सामर्थ्य एकाच वेळेपुरतं संपत नाही. यातलं कोणतंही उत्तर चर्चने अधिकृत केलेलं नाही. ते उघडं ठेवलंय हेच बरं आहे.

व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे, आणि तिची एक दुर्बीण अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या डोंगरावर आहे. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होसे फुनेस यांनी २००८ मध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राला सांगितलं की परग्रहवासीयांना भाऊ मानण्यात श्रद्धेला काही अडचण नाही. २०१४ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस एका प्रवचनात म्हणाले, उद्या मंगळावरून मंडळी आली, मुलं चित्रात काढतात तशी हिरवी, लांब नाकाची, मोठ्या कानांची, आणि त्यातला एक म्हणाला ‘मला बाप्तिस्मा हवाय’, तर काय कराल? ते बोलत होते पहिल्या शतकातल्या वादाबद्दल, यहुदी नसलेल्यांना आत घ्यायचं की नाही याबद्दल. दार लावून घेणारे आपण कोण, हा त्यांचा रोख. त्यांच्या दाखल्यात मागणी मंगळवासीयाकडून येते, हे मला विशेष वाटलं. इतिहासात ती पुष्कळदा दुसऱ्या बाजूने आली होती, तलवार घेऊन.

गंमत म्हणजे रात्राम्नुसची कसोटी आता उलटी फिरली आहे. तेव्हा चेहरा अनोळखी होता आणि वागणूक माणसाची. आज यंत्र माणसासारखी वाक्यं बोलतं आणि त्याला चेहराच नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक लांब टिपण काढलं. त्याचा सूर असा की बुद्धी म्हणजे फक्त काम उरकण्याची क्षमता नव्हे. तिला देह असतो, नाती असतात, सत्याची ओढ असते. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी ‘लिओ’ हे नाव घेतलं तेही याच ओघात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या प्रश्नावर लिहिलं होतं, आणि चौदाव्या लिओंना आत्ताची यंत्रं ही तशीच नवी क्रांती वाटते.

पहिल्या दिवसाचा हिशेब

बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, १९२३ मध्ये धर्मगुरू झाले, आणि १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावतंय असं गणिताने मांडलं. आइन्स्टाइनना गणित मान्य होतं, निष्कर्ष पटेना. १९३१ मध्ये लमेत्र आणखी मागे गेले: सगळं विश्व एका आदिअणूतून सुरू झालं असावं. यालाच पुढे महास्फोट म्हणू लागले. ‘बिग बँग’ हा शब्द १९४९ मध्ये रेडिओवरच्या भाषणात वापरला तो मात्र विरोधी पक्षाच्या फ्रेड हॉइल यांनी. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, हे मराठी वाचकाला सांगायला नको. विश्वाला आरंभ आहे म्हटलं की मागच्या दाराने देव आत येतो, असा संशय त्या काळी बऱ्याच शास्त्रज्ञांना होता; त्यात मांडणारा पाद्री!

१९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नेमकं तेच केलं. विज्ञान आता सृष्टीच्या आरंभाची साक्ष देतंय, असं त्यांनी एका भाषणात मोठ्या उत्साहाने सांगितलं. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता, ते अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं असं की आपला सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, तो उद्या चुकीचाही ठरू शकतो, आणि त्याचा देवाच्या असण्या-नसण्याशी संबंध नाही. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली तेव्हा पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. विश्व कसं सुरू झालं हे रहस्य आहे, गणिताने सोडवायचं. विश्व मुळात का आहे, हे गूढ. लमेत्र दोन्हींत रमले, पण एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू दिलं नाही त्यांनी. १९६६ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, त्यांना कळलं की महास्फोटाची धग अजून अवकाशात सापडते आणि ती मोजलीही गेली आहे.

लमेत्र यांना जे साधलं ते तीनशे वर्षांपूर्वी चर्चला साधलं नव्हतं. १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले ते पृथ्वी फिरते म्हणाल्याबद्दल, म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टीबद्दल. रहस्याला गूढ ठरवण्याची याहून ठळक चूक शोधून सापडायची नाही. त्याचं पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून निघायला १८३५ उजाडलं, आणि चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीरपणे मान्य केलं ते १९९२ मध्ये. चर्चची बाजू घेणारे इथे लगेच सांगतात की गॅलिलिओकडे तेव्हा पक्का पुरावा नव्हता. नव्हता, खरं आहे. पण पुरावा नसलेल्याला पुरावा शोधायला वेळ देतात, नजरकैद नाही.

आणि याच चर्चने त्याआधी फक्त एक्कावन्न वर्षं कॅथलिक युरोपचा वेळ खगोलशास्त्राच्या जोरावर दुरुस्त केला होता, हे आणखी नवल. जुन्या पंचांगाचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा जवळजवळ अकरा मिनिटांनी मोठं होतं, साठत साठत दहा दिवसांची चूक झाली, आणि ईस्टरची तारीख ढळली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आणला. आविलाच्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या. आज सगळं जग वापरतं ती तारीख मुळात एका सणाचा दिवस चुकू नये म्हणून बसवलेली आहे.

खुनी कोण, हे देवाला विचारू नका

आता रहस्यकथा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मध्ययुगात गुन्ह्याचा साक्षीदार नसला तर न्याय देवावर सोपवत. आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचं, काही पावलं चालवायचं, हात बांधून ठेवायचा आणि तीन दिवसांनी पट्टी सोडून बघायचं. जखम चिघळली नसेल तर निर्दोष. किंवा बांधून पाण्यात सोडायचं. बुडाला तर पाण्याने स्वीकारला म्हणून निर्दोष, तरंगला तर गुन्हेगार. हे दिव्य करण्याआधी लोखंडावर किंवा पाण्यावर पाद्री मंत्रोच्चार करायचा. त्याच्याशिवाय ते चालतच नसे.

१२१५ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी रोममध्ये चारशेहून अधिक बिशपांची परिषद भरवली आणि एका कलमात सांगून टाकलं: यापुढे कोणत्याही धर्मगुरूने दिव्याला आशीर्वाद द्यायचा नाही. झालं. देवाने साक्ष द्यायचं बंद केलं, म्हणजे आता माणसांनाच शोधून काढणं भाग. इंग्लंडमध्ये ती जागा पंचांच्या मंडळाने घेतली. युरोपच्या इतर भागांत चौकशी, साक्षी, लेखी जबाब आले, आणि त्यांच्यामागून एक भयंकर गोष्टही आली: कबुलीजबाबासाठी छळ. १२५२ मध्ये पोपनी पाखंडाच्या चौकशीत त्याला परवानगीच दिली. दिव्याचं अंधळेपण गेलं ते फुकट गेलं नाही. तरीही हातकडी, ठसा आणि उलटतपासणीच्या जगाची एक वाट त्या कलमातून निघते, असं मला वाटतं.

त्याच परिषदेने त्याच वेळी दुसरं एक कलम केलं. प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं, आणि ऐकणाऱ्या धर्मगुरूने ते कोणालाही, शब्दाने, खुणेने, कसंही सांगायचं नाही. सांगितलं तर पद गेलं. म्हणजे बघा, एका हाताने चर्चने शोध माणसांवर सोपवला आणि दुसऱ्या हाताने अशी एक पेटी बनवली जिच्यातलं उत्तर कुठल्याच शोधकर्त्याला मिळणार नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांना याहून चांगला माल कोणी दिला असता? खुनी कोण हे एकालाच ठाऊक आहे, आणि तो बोलू शकत नाही.

कथेत हे झकास वाटतं. प्रत्यक्षात मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली तेव्हा हाच नियम सर्वात दुखरी जागा झाला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शाही चौकशी आयोगाने शिफारस केली की असं काही पापनिवेदनात कळलं तरी कळवण्याचं बंधन असावं. चर्चने नकार दिला. खात्रीची गुप्तता नसेल तर कोणी बोलणारच नाही, ही त्यांची बाजू मला समजते. पण पापनिवेदनाच्या बाहेर, साध्या कपाटांत आणि फायलींत जे वर्षानुवर्षं दडवलं गेलं, त्याला हा आडोसा लागू होत नाही, आणि दडवलेलं बहुतेक तिथेच होतं.

कथेकडे परत येऊ. १९१० मध्ये इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी एक बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री विसरणारा पाद्री गुप्तहेर म्हणून आणला. कल्पना सुचली एका खऱ्या पाद्रीशी ओळख झाल्यावर. त्या साध्या माणसाला माणसातल्या दुष्टपणाची केवढी माहिती आहे हे बघून चेस्टरटन चकित झाले होते. अर्थात, दिवसभर लोकांची पापं ऐकणाऱ्याला असणारच. पण मला खरी गंमत वाटते ती पहिल्याच कथेच्या कळीची. चोर पाद्रीच्या वेशात आलाय. खरा पाद्री त्याला ओळखतो तो कशावरून? गप्पांच्या ओघात चोर म्हणतो की दूरच्या जगांत आपली बुद्धी, आपला तर्क चालत नसेल. पाद्रीला कळतं की हा आपल्यातला नाही, कारण तर्काला कमी लेखणं हे त्याच्या लेखी वाईट धर्मशास्त्र. भोंदू ओळखला गेला तो गूढतेच्या अतिरेकामुळे!

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने, जे स्वतः रहस्यकथा लिहीत, या प्रकाराचे दहा नियम घालून दिले. एकाहून अधिक गुप्त वाटा नकोत, गुप्तहेराला योगायोगाने उत्तर सापडता कामा नये, वगैरे. यात दुसराच नियम असा: अलौकिक काहीही चालणार नाही. हा माणूस रोज सकाळी मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, अर्पण करायचा, भाकरीचं ख्रिस्तशरीर होतं यावर त्याचा विश्वास होता, आणि खुनाच्या गोष्टीत भूत आलेलं त्याला खपत नव्हतं. यात विसंगती वाटत असेल तर वर सांगितलेले दोन शब्द आठवावेत. प्रेत, बंद खोली आणि गायब झालेला पत्रकापू चाकू हे रहस्य आहे. त्याला देवाची गरज लागली तर लेखकाने कामचुकारपणा केला.

चमत्काराची फाइल

हाच स्वभाव चमत्कारांच्या बाबतीत दिसतो. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ नंतर लोक बरे होण्यासाठी जाऊ लागले. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. कोणी आपण बरे झालो म्हणाला की जुने कागद, तपासण्या, औषधांचा इतिहास, सगळं तपासतात. आजार गंभीर होता का? एकदम बरा झाला का? औषधाने झाला असेल का? वर्षांनंतरही बरा आहे का? डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचं स्पष्टीकरण देता येत नाही, एवढंच ते म्हणतात. पुढचं बिशपनी ठरवायचं. सात हजारांहून जास्त नोंदींपैकी मान्य झाल्या त्या सत्तरच्या थोड्या पुढे. शेकडा एक. टीकाकार म्हणतील, स्पष्टीकरण नसणं म्हणजे देव असणं नव्हे, आणि लमेत्र यांचाच न्याय लावला तर ते बरोबरच आहेत. या जागी चर्चचा पाय मला थोडा डळमळताना दिसतो.

कोणाला संत ठरवताना त्याच्याविरुद्ध बोलणारा एक अधिकारी असायचा. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १५८७ पासून चालत आलेलं हे पद १९८३ च्या बदलांत जवळजवळ निकालात निघालं, आणि त्यानंतर संतांची संख्या भराभर वाढली. मला ते पद हवं होतं.

स्वयंपाकघर, यान आणि एक सर्वनाम

एवढं सगळं झाल्यावर रोजचं आयुष्य उरतं, आणि तिथे पुन्हा बिअरचा प्रश्न वेगळ्या वेशात येतो. मिस्सामधली भाकर गव्हाचीच असली पाहिजे, असा नियम. मग ग्लूटेन न सोसणाऱ्यांनी काय करायचं? अगदी कमी ग्लूटेनची चालते, अजिबात नसलेली चालत नाही, कारण मग तो गहूच राहत नाही. २०१७ च्या परिपत्रकात जनुकबदल केलेल्या गव्हालाही हरकत नाही असं म्हटलंय. तेव्हा मंगळावरच्या काचेच्या घरात उगवलेला गहू बहुधा चालेल. तिथल्या शेवाळाच्या वड्या चालणार नाहीत.

२०१३ मध्ये अमेरिकन अंतराळवीर माइक हॉपकिन्स अवकाशस्थानकावर जाताना मिस्सात अर्पण झालेल्या सहा पातळ चकत्या डबीत घेऊन गेले. प्रत्येकीचे चार तुकडे, म्हणजे चोवीस, आठवड्याला एक. स्थानकावर दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो, म्हणून रविवार घड्याळावरून ठरवायचा.

आणि ऑगस्ट २०२० ची ही गोष्ट. व्हॅटिकनने खुलासा काढला की बाप्तिस्मा देताना ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हटलं असेल तर तो झालेलाच नाही. अमेरिकेतल्या एका तरुण धर्मगुरूने हे वाचलं. आपल्या बाळपणीच्या समारंभाचा घरचा व्हिडिओ त्याने पाहिला होता, आणि त्यात नेमका ‘आम्ही’ होता. बाप्तिस्मा नाही, म्हणजे त्याला धर्मगुरूपदाची दीक्षाही मिळालेली नाही. म्हणजे तीन वर्षं त्याने केलेले मिस्सा, दिलेली पापक्षमा, सगळं कायद्याने पोकळ. काही दिवसांत त्याला बाप्तिस्मा देऊन पुन्हा धर्मगुरू केलं गेलं, आणि त्याच्याकडे आलेल्या लोकांना शोधायचं काम सुरू झालं. त्याने दिलेले बाप्तिस्मे मात्र धरले गेले. कारण वेळ आली तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो, धर्मगुरू नसलेला, ख्रिस्तीसुद्धा नसलेला माणूस. हेतू सरळ हवा, शब्द बरोबर हवेत, आणि भांड्यात पाणी हवं.